मानेवरचा द

गाडी झालीच म्हणायची, आक्का, म्हणाला सत्यशील सरनोबत,
फक्त बॅटरी राहिली.
आणि घडीचा कागद माझ्या काउंटरवर
ॲसिडच्या डागाशेजारी पसरला:
काळी रबरी पेटी, सहा पिवळी बुचं,
अंगावर उठावाची अक्षरं,
माथ्यावर महिन्याची खूण, वर्षाचा आकडा.
गाडी एकोणसत्तरच्या मार्चात कारखान्यातून निघालेली,
म्हणजे बॅटरी मार्चच्या आधीची पाहिजे.
एप्रिलची बसवली तर परीक्षक गुण कापतात.

मी म्हटलं, आधी बैठक बघू.

उद्यमनगरात दुपारी भट्ट्या दम खातात.
शेजारच्या फाउंड्रीत डबे सुटलेले,
ठेच्याचा वास आणि जळक्या वाळूचा.
बॉनेट उचललं, तर आत माणूस आडवा झोपेल एवढं इंजिन,
आठ सिलिंडर, ताजा नारिंगी रंग,
आणि कोपऱ्यात पत्र्याचा ट्रे
तेवढा अजून रंगवायचा राहिलेला.
नशीब.

टेप लावली. गंजाचा एक चौकोन दुसऱ्याच्या आत.
बाहेरचा फिकट, सव्वादहा इंच बाय पावणेसात:
जहाजातून आली तिचा.
आतला खोल, पत्रा खाल्लेला.
हे माप कुठल्या कागदात न्हाई, म्हणाला तो.
मला पाठ होतं.
तरी बोलले नाही.

मग त्यानं फोटो काढला:
रंकाळ्याच्या कठड्याशी गाडी, तोंड उघडून,
फेटेवाले आजोबा एक पाय बंपरवर ठेवून,
आणि बॅटरीवर नेमकं त्यांचं कोपर.
भिंगातून दोन बुचं मोजली.
बाकी सगळं कोपर.

जुन्या केबली कुठायत?
पोत्यात, भंगारात द्यायच्या.
पोतं उपडं केलं. क्लँप सापडला,
पांढऱ्या-हिरव्या बुरशीनं फुललेला.
सोड्याच्या पाण्यात टाकला, फसफसला,
टूथब्रशनं घासला, उजेडात धरला.
आतल्या अंगाला, मऊ शिशात,
उठून आलेला, उलटा,
आरशातला असावा तसा
एक द.

अब्बा ठसा टर्मिनलच्या माथ्यावर मारत नसत.
माथ्यावरचं कुणीबी वाचतंय, म्हणायचे,
मानेवरचं ज्यानं मान धरली त्यालाच कळतं.
दस्तगीर शिकलगार, बॅटरीवाले.
सदऱ्याची चाळण, आई तो वेगळ्या बादलीत धुवायची.
प्लेटा स्वतः ओतायचे, डांबर स्वतः उकळायचे.
द सोडून दुसरं अक्षर त्यांना येत नव्हतं,
हिशेब आई ठेवायची.

मग ओरिजिनल कुठली, आक्का?
जहाजातून आली आणि दोन वर्षांत बसली ती,
की अकरा वर्षं तुझ्या आजोबांना
गुऱ्हाळावर नेऊन परत आणलं ती?
तो बराच वेळ क्लँप बोटात फिरवत राहिला.
परीक्षकांच्या कागदात दस्तगीर न्हाईत, म्हणाला,
टोमणा म्हणून नव्हे.

पेटी अमेरिकेतून आली, सातव्या आठवड्यात,
भुशात गुंडाळलेली.
अक्षरं बरोबर, बुचं पिवळीजर्द,
फेब्रुवारीची खूण जागच्या जागी.
आत पोकळ.
कुठलीबी बंद बॅटरी ठेवा आत, वर झाकण लावा,
असं सगळीकडं करतात म्हणे.

मी तसं केलं नाही.
सहा घरं भरली, एकेक प्लेट झाळली,
डांबर ओतलं तेव्हा डोळे चुरचुरले, डांबरानंच.
ॲसिड बाराशे साठ, सहाही घरांत.
आणि रात्री दुकान अर्धं ओढून
अब्बांचा पंच तेलात पुसला.
पहिला घाव सरकला.
त्यामुळं धनाच्या मानेवर आता दोन द आहेत,
एकमेकांवर चढलेले.

क्लँप बसवला, बोल्ट फिरवला, अजून फिरवला.
चावी लावताच
फाउंड्रीतली पोरं डबे ठेवून बाहेर आली.

एवढा आवळला का, आक्का?
विचारलं त्यानं, इंजिनाच्या आवाजावरून ओरडून.
हलू नये म्हणून, म्हटलं.